पावसात फुलांचे जवळून फोटो: कुंडी, छत्री आणि थोडा धीर

जून सरत आला की बाल्कनीतल्या कुंड्यांना नवा जोर येतो. जास्वंदीला कळ्या धरतात, गोकर्ण खिडकीच्या ग्रिलवर चढू लागते आणि मागच्या वर्षी सांडलेल्या बियांतून तेरडा आपला आपण उगवतो. नेमक्या याच दिवसांत बऱ्याच घरांत कॅमेरा कपाटात जाऊन बसतो, तो थेट दिवाळीला बाहेर निघतो. खरं तर फुलांच्या जवळून फोटोंसाठी ढगाळ, ओला दिवस फार सोयीचा. कडक उन्हात पाकळीची एक बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळवंडलेली येते. आभाळ भरून आलं की उजेड सगळीकडून सारखा उतरतो, सावल्या मऊ पडतात आणि पाकळीवरच्या शिरा, लव, रंगाच्या छटा दिसायला लागतात. वर थेंब असतात ते वेगळेच.

नवशिके घाबरतात पाण्याला. पाण्याचा बंदोबस्त एका प्लास्टिकच्या पिशवीत होतो. खरा त्रास देतो तो वारा. दोन फुटांवरून काढलेल्या फोटोत फूल जरासं डुललं तर कळतही नाही. तेच फूल चार इंचांवरून टिपताना देठ दोन मिलिमीटर हलला तरी फोटो फुकट. पुढे जे काही सांगतो आहे, त्यातलं निम्मं या वाऱ्याला चुकवण्याबद्दलच आहे. हातात फोन असो की साधा कॅमेरा, क्रम हाच ठेवा.

१. आधी पाऊस ओळखा

झड लागली असेल, म्हणजे आडवा पाऊस, खिडक्या वाजताहेत, तर चहा करा आणि वाट बघा. अशा पावसात पाकळ्या झोडपून निघतात, त्यांच्या कडा फाटतात आणि पराग धुऊन जातो. भुरभुर किंवा संथ रिपरिप चालू असेल तर आडोशाला काम करता येतं. पण सगळ्यात चांगली वेळ म्हणजे उघडीप: सर थांबल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं. थेंब जागेवर असतात, आभाळ अजून ढगाळ असतं आणि बऱ्याचदा वाराही पडलेला असतो. तयारी पाऊस पडत असतानाच करून ठेवा. सर थांबल्यावर बॅटरी शोधायला गेलात तर थेंब वाट बघत बसत नाहीत.

शक्यतो सकाळ गाठा. वारा दिवस चढला की वाढतो, आणि जास्वंदीसारखी फुलं सकाळी ताजी उमलून संध्याकाळपर्यंत मिटायला लागतात. अर्थात प्रत्येक फुलाचं घड्याळ निराळं. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास उघडते. सोनटक्का संध्याकाळी. प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे खाली सडा असतो, त्यामुळे तो फांदीवर हवा असेल तर टॉर्च घेऊन उठावं लागतं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्या जातीचं पांढरं फूल तर रात्रीच उमलतं आणि सकाळी मान टाकतं. रेन लिलीच्या कंदांना चांगला पाऊस लागला की काही दिवसांत फुलं एकदम वर येतात आणि लगेच संपतात. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आहे, पण पावसाळ्यातल्या बऱ्याचशा फुलांना ती लागू पडते. कळी दिसली की उद्याची सकाळ मोकळी ठेवा.

फूल निवडताना घाई नको. दहा फुलांतलं एकच फोटोच्या लायकीचं असतं. जवळून पाहिलं की पाकळीवरचं भोक, मावा, चिखलाचा शिंतोडा, सगळं मोठं होऊन दिसतं. अनंत आणि मोगऱ्याची फुलं ओल लागून लवकर पिवळी पडतात, ती उमलल्या दिवशीच टिपा. अर्धी उघडलेली कळी हा नेहमीच सुरक्षित पर्याय. तिच्या पाकळ्या घट्ट असतात, पावसाने विस्कटत नाहीत आणि वाऱ्यातही कमी हलतात.

२. फुलाकडे जाण्याऐवजी फूल आडोशाला आणा

कुंडीतल्या झाडाचा हा मोठा फायदा आहे आणि फार कमी लोक तो घेतात. फुलावर पाऊस पडू द्या. थेंब साचले की कुंडी उचलून व्हरांड्यात, छज्जाखाली किंवा बाल्कनीच्या दारात आणा. अलगद आणा, धक्का लागला की थेंब गळतात. छपराच्या कडेपासून दोनएक फूट आत ठेवलीत तर उजेड भरपूर मिळतो, वारा निम्म्यावर येतो आणि मागे पाऊस पडताना दिसतो. कॅमेरा कोरडा, तुम्हीही कोरडे. रेलिंगवर एखादी जाड चादर किंवा खोक्याचा पुठ्ठा अडकवला की उरलेला वाराही अडतो.

झाड जमिनीत असेल तर त्याला आधार द्या. बांबूची पातळ काडी मातीत खोचा आणि फुलाच्या खाली, फोटोत न येणाऱ्या ठिकाणी, देठ कपड्यांच्या चिमट्याने काडीला हलकेच टेकवा. चिमटा देठावर घट्ट दाबू नका, मध्ये कापसाची घडी घाला. गोकर्णीसारख्या वेलीला सुतळीचा सैल फास पुरतो. एवढ्याने तुमचे निम्मे फोटो वाचतील. महागडी लेन्स घेऊनही हलणारं फूल हललेलंच येतं.

आता छत्री. घरात जी असेल ती उचलू नका, तिचा रंग बघा. पातळ कापडातून आलेला उजेड कापडाचा रंग घेऊन येतो. लाल छत्रीखाली पांढरा मोगरा गुलाबी दिसेल आणि निळ्या छत्रीखाली पिवळी कर्दळ मळकट. आपली नेहमीची काळी छत्री रंग बिघडवत नाही, पण उजेड खाते. पांढरी किंवा पारदर्शक छत्री सगळ्यात बरी: पाऊस अडतो आणि उजेड गाळून येतो. ती धरायला घरातलं कुणीतरी पटवा. एकटे असाल तर छत्रीचा दांडा खुर्चीच्या पाठीला किंवा ट्रायपॉडला बांधा. काळी छत्रीही टाकून देऊ नका, ती फुलाच्या मागे धरायला कामी येते. मागची भिंत, निळं पिंप, वाळत घातलेले टॉवेल, सगळं एका झटक्यात गायब होतं. फक्त ती फुलापासून हात-दीड हात लांब धरा, नाहीतर कापडाच्या शिवणी दिसतात.

३. फोनने काढत असाल तर

फोन पुरेसा आहे, फक्त त्याच्या सवयी ओळखा. बऱ्याच महागड्या फोनमध्ये तुम्ही फुलाजवळ गेलात की फोन आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातो आणि दोन-तीन सेंटिमीटरवरून फोकस करतो. यात दोन अडचणी येतात. फोनची सावली फुलावर पडते. शिवाय रुंद लेन्समुळे मागचा सगळा पसारा फोटोत शिरतो. अगदी बारीक गोष्टीसाठी, म्हणजे तेरड्याच्या पाकळीवरचा एकच थेंब वगैरे, ही सोय वापरा. अख्ख्या फुलासाठी मॅक्रो मोड (अगदी जवळून टिपायची ही सोय) बंद करा, एक वीत मागे या आणि दुप्पट झूम लावा. मागचं दृश्य आवरतं आणि फुलाचा आकारही बिघडत नाही. स्वस्त फोनमध्ये जो २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो, त्याचा मोह धरू नका. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून नंतर कातरलेला फोटो त्याहून चांगला येतो.

जवळ गेलं की काही फोन गुपचूप लेन्स बदलतात. कुठली चालू आहे ते कळत नसेल तर मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवून बघा. जिच्यावर बोट ठेवल्यावर पडदा काळा होईल ती.

फुलावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा, कारण फोन फूल बऱ्याचदा गरजेपेक्षा उजळ करतो. पाण्याचे थेंब पडले की पडदा वेडावतो आणि आपोआप भलतीकडे टच होतो, म्हणून फोटो काढायला आवाजाचं बटण वापरा. फोटो धुरकट येतोय असं वाटलं तर सेटिंग तपासायच्या आधी लेन्स पुसा. दहातल्या आठ वेळा कारण तेच निघतं. पुसायला धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा कोरड्या खिशात ठेवा. शर्टाच्या टोकाने पुसलं तर घाम आणि धूळ काचेवर पसरते.

फोन जलरोधक आहे असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ती चाचणी स्वच्छ पाण्यात आणि नव्या फोनवर केलेली असते. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या, एकदा पडलेल्या फोनचं तसं राहत नाही.

४. कॅमेऱ्याने काढत असाल तर

कॅमेऱ्यासोबत आलेली १८–५५ मिलिमीटरची झूम लेन्स आहे? ५५ वर न्या आणि जेवढ्या जवळून फोकस होईल तिथून सुरुवात करा. जास्वंद, कर्दळ, सोनटक्का अशा मोठ्या फुलांना ती पुरते. आणखी जवळ जायचं तर स्वस्तातला उपाय म्हणजे लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची क्लोज-अप काच. +४ ताकदीची काच लावली की लांबवर फोकस केलेली लेन्सही २५ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दाखवते. कडा जराशा मऊ येतात, पण फूल मध्यभागी असतं तोवर चालतं. दुसरा उपाय एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. तिच्यात काच नसते म्हणून चित्राचा दर्जा बऱ्यापैकी टिकतो. विकत घेताना विजेचे संपर्कबिंदू असलेली घ्या, नाहीतर आधुनिक लेन्सचं छिद्र, म्हणजे उजेड आत येण्याची वाट, कमी-जास्त करता येत नाही. आणि ती बसवायची ती घरात. पावसात लेन्स उघडणं म्हणजे सेन्सरला, फोटो टिपणाऱ्या चिपला, ओल आणि धुळीचं आमंत्रण.

छंद लागलाच तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. तिच्यात वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते: एक सेंटिमीटरची कळी सेन्सरवरही एक सेंटिमीटर. शंभरच्या लेन्समध्ये तेव्हा लेन्सच्या टोकापासून फुलापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर अंतर राहतं, त्यामुळे सावली पडत नाही आणि फुलातल्या मुंग्याही पळत नाहीत.

कॅमेऱ्याला पावसापासून वाचवायला हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप फार कामाची. इलॅस्टिकमुळे ती कॅमेऱ्यावर अचूक बसते. मोठी लेन्स असेल तर पारदर्शक पिशवीला लेन्सच्या मापाचं भोक पाडा आणि तिथे रबर लावा.

सुरुवातीला आकडे असे ठेवा: छिद्र एफ/८ (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद, आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) आपोआप पण कमाल मर्यादा ३२००. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला फोटो दुरुस्त होत नाही. ट्रायपॉड असेल तर उत्तम, पण तो फक्त कॅमेऱ्याला स्थिर करतो. वाऱ्याने फूल हलत असेल तर शटर जलदच लागतं.

५. फोकस: इथे मिलिमीटरचा हिशेब आहे

नव्याने मॅक्रो करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: फुलाचा एवढासाच भाग स्पष्ट आला, बाकी सगळं धूसर. कॅमेऱ्यात दोष नाही, जवळ गेलं की असंच होतं. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, खऱ्या आकाराएवढ्या चित्रात एफ/८ ला जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. एफ/१६ ला तो दोन मिलिमीटर होतो. पण तोवर छिद्र इतकं बारीक होतं की प्रकाश पसरून चित्र एकूणच मऊ पडतं. म्हणून एफ/११ च्या पुढे मी सहसा जात नाही. त्याऐवजी थोडं मागे या. अर्ध्या आकाराच्या चित्रात एफ/८ ला जवळजवळ तीन मिलिमीटर मिळतात. नंतर फोटो कातरा.

दुसरी युक्ती कोनाची, आणि तिला पैसे पडत नाहीत. जास्वंदीचं उदाहरण घ्या. पाकळ्यांच्या मधून तो लांब दांडा थेट पुढे येतो. त्याच्या टोकाला पाच लहान मखमली बोंडं, त्यांच्याखाली पिवळ्या परागांचे झुबके. समोरून फोटो काढलात तर बोंडं स्पष्ट येतील आणि पाकळ्या लाल ढग होतील, किंवा उलट. तेच बाजूने या, कॅमेरा दांड्याला समांतर धरा. आता पूर्ण दांडा लेन्सपासून सारख्या अंतरावर आहे. तोच एक मिलिमीटरचा पट्टा लांबीभर कामाला येतो: पाचही बोंडं, प्रत्येक परागकण आणि त्याला चिकटलेला पाण्याचा बारीक मणी. प्रत्येक फुलात आधी असा समांतर कोन शोधा. तेरड्यात मागे वळलेला बारीक शेपटा बाजूनेच दिसतो. गोकर्णीची मोठी पाकळी मात्र सपाट असते, तिला अगदी समोरून, काटकोनात धरा.

फोकस एकदा हाताने ठरवा आणि मग रिंगला हात लावू नका. श्वास रोखा, कोपर गुडघ्यावर किंवा कुंडीच्या कडेवर टेका, आणि सगळं शरीर अगदी किंचित पुढे-मागे न्या. हवा तो भाग स्पष्ट होताच बटण दाबा, तेही सलग पाच-सहा फोटोंसाठी. एखादा नेमका येतो. वेगवेगळ्या फोकसचे अनेक फोटो काढून संगणकावर जोडायची पद्धतही आहे, पण ती पावसाळ्यात सुरुवातीला नको. दोन फोटोंच्या मध्ये एक थेंब जरी घरंगळला तरी जोड फसते.

६. थेंब

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबू.

सगळ्या पानाफुलांवर थेंब सारखे बसत नाहीत. अळवावरचं पाणी आपण अस्थिरपणाला म्हणतो ते उगाच नाही. अळूच्या पानावर सूक्ष्म, मेणचट उंचवटे असतात. पाणी त्यांच्या टोकांवर तरंगतं आणि खाली हवेचा पातळ थर अडकतो. त्या थरावरून उजेड परततो म्हणून थेंबाचा तळ चांदीसारखा चमकतो. असा थेंब टिपायचा तर पान हलणार नाही याची आधी सोय करा आणि मगच जवळ जा. श्वासानेही तो पळतो. गुलाबाची पाकळी उलट वागते: थेंब गोल तर राहतो, पण चिकटून, पाकळी उलटी केली तरी बऱ्याचदा पडत नाही. सुरुवात गुलाबावर करा, अळू नंतर.

आता थेंबात फूल कसं पकडायचं ते बघू. पानाच्या टोकाला लटकलेला एक गोल थेंब शोधा. त्याच्या मागे दोन-तीन इंचांवर दुसरं फूल चिमट्याने उभं करा. थेंब लेन्सचं काम करतो आणि मागचं पूर्ण फूल त्याच्यात इवलंसं, उलटं दिसतं. आता फोकस. बहुतेक जण थेंबाच्या कडेवर फोकस करतात आणि आतलं फूल धूसर का, म्हणून डोकं खाजवतात. ते चित्र थेंबात नसतंच. गोल थेंबाच्या बाबतीत ते थेंबाच्या पुढे, तुमच्या बाजूला, थेंबाच्या जाडीच्या साधारण निम्म्या अंतरावर तयार होतं. म्हणजे तीन मिलिमीटरचा थेंब असेल तर त्याच्या पुढे सुमारे दीड मिलिमीटर. कड स्पष्ट झाली की कॅमेरा केसभर मागे घ्या, आतलं फूल खडकन उघडतं. कड आणि फूल दोन्ही हवं असेल तर थोडं मागे या आणि छिद्र एफ/११ करा. आतलं फूल सुलटं हवं असेल तर मागचं फूल उलटं टांगा.

थेंबात तुम्हीही दिसता, हे विसरू नका. फोनचा काळा चौकोन, छत्रीची पांढरी गोलाई, गुलाबी टी-शर्ट, सगळं थेंबाच्या पृष्ठभागावर उमटतं. साधे गडद कपडे घाला.

स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून थेंब करता येतात, काहीजण त्यात ग्लिसरीन घालतात म्हणजे थेंब ओघळत नाहीत. हात बसवायला साध्या पाण्याचा स्प्रे ठीक आहे. ग्लिसरीनचे थेंब मला आवडत नाहीत. सगळे एकाच मापाचे येतात, आणि खऱ्या पावसात तसं नसतं: एक मोठा, बाजूला दहा बारीक, एक ओघळाच्या वाटेवर. स्प्रे मारलेला फोटो कुणाला दाखवताना तसं सांगून टाका.

७. लाल, पांढरा आणि तो हट्टी निळा

लाल जास्वंद फोटोत सपाट, प्लास्टिकची वाटते, कारण लाल रंगाची पातळी काठोकाठ भरून शिरा बुडून जातात. एकूण फोटो अंधुक वाटत असला तरी लाल आधीच सांडलेला असतो. उजेड अर्धा ते एक पायरी कमी करा (एक पायरी कमी म्हणजे उजेड निम्मा, एक वाढवली म्हणजे दुप्पट). कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा आलेख दिसत असेल तर लाल रेघ उजव्या भिंतीला आपटत नाही एवढं बघा. पांढऱ्या फुलाचं उलट. मोगऱ्याने चौकट भरली की कॅमेरा त्याला राखाडी करतो, म्हणून अर्धी ते एक पायरी वाढवा. पण मागे काळी छत्री असेल तर मोगरा पांढराफटक होतो, तेव्हा कमी करा. गोकर्णीचा निळा अनेकदा जांभळट येतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग) ‘ढगाळ’ वर टाका आणि शक्य असेल तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा, म्हणजे नंतर दुरुस्त करायला वाव राहतो. झाडीखाली काढत असाल तर पानांतून आलेला उजेड हिरवट असतो. फुलाशेजारी कोरा पांढरा कागद धरून एक फोटो आधी घेऊन ठेवा, घरी रंग जुळवताना तो उपयोगी पडतो.

ओल्या पानांवरची पांढरी चकाकी नको असेल तर पोलरायझर फिल्टर फिरवून बघा. हिरवा रंग एकदम खुलतो. मात्र तो एक ते दोन पायऱ्या उजेड खातो, आणि पावसाळ्यात तोच आधी कमी असतो. थेंबांची चमकही तो घालवू शकतो. मी तो पानांसाठी लावतो आणि थेंबांसाठी काढतो.

८. पडता पाऊस

फुलामागे पावसाच्या रेघा हव्या असतील तर मागे काहीतरी गडद हवं आणि उजेड पावसाच्या मागून किंवा बाजूने यायला हवा. पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसतच नाही. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-सात मीटर वेगाने खाली येतो. १/६० सेकंदात तो दहा-अकरा सेंटिमीटर जातो, म्हणजे लांब रेघ. १/१००० ला सुद्धा सहा-सात मिलिमीटरची रेघ उरतेच, आणि जवळून काढलेल्या फोटोत ती चांगलीच दिसते. म्हणून थेंब गोठवायच्या नादी लागू नका, १/१२५ च्या आसपास रेघा छान येतात. गोठवायचाच असेल तर कमी ताकदीवर ठेवलेला बाहेरचा फ्लॅश लागतो. त्याची चमक सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या भागाएवढी टिकते. तो कॅमेऱ्यावर न ठेवता बाजूला धरा, नाहीतर लेन्ससमोरचे थेंब पांढरे गोळे होऊन फोटोभर पसरतात.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की बाकी सगळं सोडून फुलाच्या मागे ऊन येईल असे उभे राहा. पाकळ्या आतून उजळतात. पाच-दहा मिनिटांत ढग परत येतो.

थोडं जपून

ओल्या दिवसांत कुंड्यांच्या तळाशी आणि पालापाचोळ्यात विंचू, गोम निघतात, कोकणात फुरसं निघू शकतं. गुडघे टेकण्याआधी काठीने पाला हलवा, चप्पल नको, बंद बूट घाला. कण्हेर आणि बिट्टीचा चीक विषारी असतो, देठ हाताळल्यावर हात साबणाने धुवा. गच्चीवर शेवाळं असतं आणि लक्ष पडद्याकडे असतं. गडगडाट ऐकू आला की गच्चीवरून खाली या, फोटो राहू द्या.

घरी आल्यावर

एसीच्या खोलीतून थेट बाहेर गेलात तर थंड काचेवर दमट हवेचं धुकं धरतं. कॅमेरा बंद पिशवीत घेऊन अर्धा तास आधी व्हरांड्यात ठेवा, मगच पिशवी उघडा. परत आल्यावर कॅमेरा पुसू नका, आधी सुती पंचाने टिपा. पुसलं की पाणी फटींत शिरतं. लेन्सची नळी बाहेर आली असेल तर ती कोरडी करूनच आत घ्या, नाहीतर पाणी तिच्यासोबत आत जातं. बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली तासभर राहू द्या. हेअर ड्रायर नको. फोनचं चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकेपर्यंत केबल लावू नका, आणि फोन तांदळात पुरू नका, पीठ आत जातं.

पावसाळ्यात लेन्सचा खरा वैरी म्हणजे बुरशी. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती काचेवर जाळं धरते. कोकणात आणि मुंबईत तर चार महिने तशीच हवा असते. चामड्याच्या बॅगेत कॅमेरा ठेवू नका. झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहायला हवा. रंग बदलणारं जेल घेतलंत तर निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात, नारिंगी दाणे हिरवे. तसं झालं की मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात. त्यासाठी जुनं, स्वयंपाकात परत न येणारं भांडं ठेवा, निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं.